माळ्यावरची घोंगडी आणि रिकामी पुरचुंडी

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माळ्यावरून घोंगडी खाली काढली. वडिलांनी पंढरपूरहून आणलेली, काळ्या लोकरीची, चांगली जाडजूड. उलगडली तर घडीच्या रेषेवर ओळीने भोकं. उजेडाकडे धरली तेव्हा चाळणीतून दिसावा तसा समोरचा रस्ता दिसला. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं ते घडीत ठेवलेल्या पुरचुंडीचं. तिच्यात मी स्वतः सहा डांबर गोळ्या बांधल्या होत्या. गाठ तशीच होती. आत मात्र काहीच नव्हतं.

घोंगडी वर्तमानपत्रावर झटकली. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या तपकिरी, पोकळ साली पडल्या. भिंगाखाली धरल्यावर त्यांच्यावर आडवे पट्टे आणि राठ केस दिसले. त्यांच्यात एक साल हलली. ती साल नव्हतीच, जिवंत अळी होती. माझ्याकडे पाठ करून ती वर्तमानपत्राच्या घडीत, अंधाराच्या दिशेने, घाईघाईने निघाली.

आपण या सगळ्याला 'कसर' म्हणतो. कपड्याला भोक पडलं की कसर लागली, पुस्तकाचं पान कुरतडलं की कसर लागली. शब्द एक असला तरी त्यामागे निदान तीन वेगवेगळे कीटक आहेत. त्यांचं खाणं वेगळं, राहणं वेगळं, म्हणून उपायही वेगळे.

पहिली चंदेरी कसर. अंगावर रुपेरी खवले, शेपटाला तीन लांब केस, दिवा लावला की सरपटत फटीत शिरते. हिला पंख नाहीत, तिच्या पूर्वजांनाही कधी नव्हते. कीटकांना पंख फुटण्याआधीच्या काळातलं हे कूळ आहे. हिला पिष्ट आवडतं. त्यामुळे कांजी केलेली सुती साडी, खळ दिलेलं कापड, पुस्तकाच्या बांधणीतला डिंक आणि भिंतीवरच्या तसबिरीमागचा कागद हे तिचं अन्न. ती आरपार भोक पाडण्याआधी कापडाचा पृष्ठभाग खरवडते. आणि तिला दमट हवा लागते, म्हणूनच कोकणात ती घरोघरी भेटते.

दुसरा पतंग. दिव्याभोवती फिरणारे पतंग पाहून लोकांना वाटतं की हेच कपडे खातात. तसं नाही. कपड्यांच्या पतंगाला उजेड नकोसा असतो. तो लहान, फिकट सोनेरी असतो आणि उडण्यापेक्षा पळतो जास्त. त्याच्या प्रौढाला खाताच येत नाही. खाते ती अळी. याच कुळातला एक सदस्य आपल्याकडे बहुतेक घरांत असतो, फक्त आपण त्याला ओळखत नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर काकडीच्या बीसारखं चपटं, करड्या रंगाचं काहीतरी चिकटलेलं असतं, ते नीट पाहा. थोडा वेळ थांबलात तर एका टोकातून छोटं डोकं आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर येतात, आणि ती बी भिंतीवर चालू लागते. अळीने रेशमाच्या धाग्यात वाळू, धूळ आणि कपड्यांचे तंतू गुंफून हे घर विणलेलं असतं. दोन्ही टोकं उघडी, मधला भाग रुंद. वाट अडवली की ती आतल्या आत वळते आणि दुसऱ्या टोकातून बाहेर पडते. कोळ्यांची जुनी जळमटं हे तिचं आवडतं खाणं, पण लोकर मिळाली तर तीही चालते.

तिसरा भुंगेरा. माझ्या घोंगडीत होता तो हाच. प्रौढ भुंगेरा मोहरीएवढा, गोल, पाठीवर पांढरे-पिवळे-तपकिरी ठिपके. खिडकीच्या काचेवर दिसला तर पोरं त्याला किडा म्हणून हातावर घेतात, इतका तो निरुपद्रवी दिसतो. प्रौढपणी तो फुलांवर जाऊन पराग खातो. त्याची केसाळ अळी मात्र लोकर, पिसं, चामडं, मेलेले कीटक असं सगळं खाते.

लोकर पचवणं सोपं नाही. लोकर, आपले केस, नखं, पक्ष्यांची पिसं ही सगळी केराटीन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या जोड-गाठींनी पक्क्या बांधलेल्या असतात. म्हणून तर केस मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पार्लरमध्ये केस सरळ करायला जे रसायन लावतात, ते याच गाठी सोडवतं. कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी हेच काम पोटात करते. तिच्या आतड्यातला रस आम्लारीधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो आणि तिथे प्राणवायू फार कमी असतो. अशा ठिकाणी गंधकाच्या गाठी सुटतात आणि मग प्रथिन पचतं. बाकीच्या प्राण्यांनी ज्या अन्नाकडे पाठ फिरवली, त्यावर या एवढ्याशा जिवाने संसार थाटला, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

पण नुसत्या लोकरीवर अळीचं नीट भागत नाही. स्वच्छ धुतलेल्या लोकरीवर ठेवलेल्या अळ्या खुरटतात. त्यांना ब जीवनसत्त्वं आणि क्षार लागतात, आणि ते मिळतात आपल्या घामातून, अंगाच्या तेलातून, सांडलेल्या आमटीच्या डागातून. स्वेटरला भोक बहुधा गळ्यापाशी, काखेत किंवा बाहीच्या कडेला पडतं ते यामुळे. एकदाच घातलेली शाल 'कुठे मळलीय' म्हणून तशीच घडी करून ठेवणं म्हणजे अळीसाठी ताट वाढून ठेवणं. रेशमात केराटीन नसतं, त्यामुळे पैठणीला लोकरीच्या शालीपेक्षा धोका कमी. पण लग्नाच्या पंगतीत तिच्यावर श्रीखंड सांडलं असेल तर हा फरक फार काळ टिकत नाही.

आता त्या रिकाम्या पुरचुंडीकडे येऊ. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन. ते दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, त्यावरून हे नाव. घन असूनही ते न वितळता थेट वाफ होतं, कापरासारखंच. त्याची वाफ कीटकांना मारते हे खरं, पण त्यासाठी ती घट्ट बंद पेटीत दाटून राहावी लागते. माळ्याला दार नाही, कपाटाला फटी आहेत. मग वाफ तिथे साचत नाही, घरभर पसरते आणि आपल्या फुप्फुसांत जाते. माझ्या सहा गोळ्या अशाच गेल्या.

ही वाफ माणसाला निरुपद्रवी नाही. युरोपीय संघाने २००८ मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री बंद केली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत धरलं आहे. पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तान्ह्या बाळांची. आपल्याकडे पहिल्या बाळाची लोकरीची टोपडी, मोजे, दुपटी डांबर गोळ्यांत घालून जपून ठेवतात आणि दुसऱ्या बाळाला तशीच काढून घालतात. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात, कावीळ वाढते आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. आपल्या बाळाला ही कमतरता आहे हे बहुतेक घरांना आधी माहीतच नसतं. घरात बाळ येणार असेल तर गोळ्यांच्या वासाचे कपडे आधी धुवा, उन्हात चांगले वाळवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत बाळाच्या अंगाला लावू नका, हे कळकळीने सांगते.

मग नैसर्गिक उपाय काय? इथे विचारलं की पहिलं नाव कडुलिंबाचं येतं. पाला वाळवून कपड्यांत घालायचा. कडुलिंबात कीटकांची वाढ रोखणारं अझाडिरॅक्टिन आहे हे खरं, पण ते मुख्यतः निंबोळीच्या बियांत असतं आणि ते हवेत उडत नाही. ते अळीच्या पोटात जावं लागतं. अळी लोकर खाते, शेजारचा पाला खात नाही. त्यामुळे नुसत्या पाल्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. पाला अर्धवट वाळलेला असेल तर उलट ओल येते आणि बुरशीही.

लवंग, वेखंड, देवदाराचा भुसा, कापूर यांचं तसं नाही. यांच्यातलं तेल उडणारं आहे आणि बंद जागेत त्याचा परिणाम होतो. जुन्या पोथ्यांबरोबर बासनात वेखंडाचे तुकडे बांधत, त्याला अर्थ होता: वेखंडातलं असॅरोन कीटकांना मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचौली या सुगंधी झुडपाची वाळलेली पानं घालत. तो वास शालींना असा काही चिकटला की तिकडचे गिऱ्हाईक वासावरून अस्सल शाल ओळखू लागले. पण त्या शाली खोक्यात घट्ट बांधलेल्या असत आणि पोहोचेपर्यंत कुणी खोकं उघडत नसे. आपलं कपाट दिवसातून चार वेळा उघडतं. वास काही आठवड्यांत विरतो आणि आपण मात्र वर्षभर निर्धास्त असतो. शिवाय हे वास कोवळ्या अळ्यांना त्रास देतात, मोठ्या अळ्या आणि अंडी बहुतेक वेळा तरून जातात. कसर आधीच आत असेल तर लवंगांची पुरचुंडी तिला बाहेर काढत नाही.

कापराबद्दल एक इशारा. झाडाचा म्हणून तो निर्धोक असं समजू नका. कापराच्या दोन-तीन वड्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर झटके येऊ शकतात. मुलाच्या हाती लागेल अशा खणात तो ठेवू नये.

खरा उपाय आपल्या घरांत आधीपासून होता, फक्त त्याला आपण कसरीशी जोडत नव्हतो. घटस्थापनेच्या आधी 'दसरा काढतात'. घरातली एकूण एक गोधडी, घोंगडी, चादर नदीवर किंवा अंगणात धुवायची, उन्हात टाकायची, भिंती झाडायच्या, फडताळं रिकामी करायची. आता कीटकांचं वेळापत्रक बघा. उबदार, दमट हवेत कपड्यांच्या पतंगाची अंड्यापासून पतंगापर्यंतची एक पिढी साधारण दोन-तीन महिन्यांत पुरी होते. मादी साधारण ४०-५० अंडी घालते. आपला पावसाळा चार महिन्यांचा. म्हणजे ज्येष्ठ-आषाढात घडीत शिरलेली कसर आश्विनापर्यंत पुढची पिढी सुरू करण्याच्या बेतात असते, आणि नेमकं तेव्हा घरातलं सगळं कापड उलगडून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात पडतं. हे कुणी कीटकशास्त्र शिकून ठरवलं असं मी म्हणत नाही. पण याहून चांगला मुहूर्त शास्त्रालाही काढता आला नसता.

उन्हाने तिहेरी काम होतं. कापडातली ओल जाते. उजेडाला भिणाऱ्या अळ्या बाहेर पडतात. आणि उष्णता पुरेशी असेल तर अंडीसुद्धा मरतात. कापडाच्या आतपर्यंत ५५ अंशांच्या आसपास उष्णता काही तास टिकली तर कसरीची कुठलीच अवस्था वाचत नाही. नुसत्या उन्हात घोंगडीच्या आत एवढं तापमान होत नाही, पण काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मे महिन्यात गच्चीवर ठेवली तर होतं. दुपारी पिशवी एकदा उलटी करायची. झटकायलाही तितकंच महत्त्व आहे. घोंगडी झटकली आणि ब्रश फिरवला की बरीचशी अंडी गळून पडतात.

पैठणी, शालू, जरीची शेलारी असलं काही मात्र कडक उन्हात टाकू नका, रंग उडतो. त्यासाठी संग्रहालयांतली युक्ती घरी करता येते, ती थंडीची. साडी मऊ सुती कापडात गुंडाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बांधायची आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची. फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार नसतो, हे लक्षात असू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार साडीला मुंबईची दमट हवा लागली की तिच्यावर दव धरतं, जसं गार पाण्याच्या तांब्यावर धरतं. एक दिवस तशीच बंद ठेवली की दव पिशवीच्या बाहेर धरतं, साडी कोरडी राहते.

एरवी पैठणी ठेवायला जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं सगळ्यात उत्तम. सुती कापड पतंगाच्या अळीला पचत नाही, घट्ट विणीतून मादीला आत अंडी घालता येत नाहीत आणि कापड ओल शोषून घेतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. वर्षातून दोनदा साडी उलगडून वेगळ्या रेषेवर घडी घालावी. म्हणजे रेशमाचे आणि जरीचे धागे एकाच ठिकाणी मोडून चिरत नाहीत, आणि आत कुणी राहायला आलं असेल तर तेही कळतं. लोकर धुवायला रिठा घ्यावा. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळायचे, थंड पाण्यात तो फेस मिसळायचा. कपड्याचा साबण लोकरीला रुक्ष करतो, रिठा करत नाही. स्वेटर पिळायचा नाही, जाड पंच्यात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा पसरायचा.

राहिला प्रश्न माझ्या घोंगडीत भुंगेरा आला कुठून. बरेच दिवस शोधून सापडला. माळ्यालगतच्या खिडकीबाहेर, एसीच्या मागे पारव्यांचं जुनं घरटं होतं. काड्या, पिसं, विष्ठा, एक वाळलेलं पिल्लू. भुंगेऱ्याची आणि पतंगाची अळी निसर्गात राहते ती अशाच जागी, आपल्या कपाटात ती नंतर आली. शहरात पारवे वाढले आहेत, त्यांच्याबरोबर हेही वाढतात. पक्षी बसत नाहीत याची खात्री करून, नाकाला कापड बांधून घरटं काढलं, जागा धुतली आणि जाळी लावली.

घोंगडीची भोकं त्याच रंगाच्या लोकरीने रफू करून घेतली. ती आता माळ्यावर जात नाही, रोज संध्याकाळी बसायला अंथरते. गेल्या घटस्थापनेच्या आधी गच्चीवर नेऊन झटकली तेव्हा दोन साली पडल्या. दोन्ही जुन्या होत्या, बोट लावताच चुरा झाल्या.