ख्रिस्ती मार्च

ख्रिस्ती मार्च म्हणजे चालत्या माणसाच्या पावलाला ठेका देणारी, पितळी फुंकवाद्यांवर वाजवायची आणि मधल्या भागात एखाद्या उपासनागीताची चाल गुंफलेली रचना. शब्द नसलेला हा प्रकार लष्करी बँडकडून आला आणि मुख्यतः मुक्तिफौजेने, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला आजचे रूप दिले. ख्रिस्ती माणसाला कोणते संगीत शोभते, या जुन्या वादात त्याचे स्थान मजेदार आहे. देवळात त्याला अनेकांनी दार बंद केले आणि रस्त्यावर त्याच लोकांनी त्याला वाट दिली.

वाद बायबलपासूनच सुरू होतो. गणना या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात मोशेला चांदीचे दोन कर्णे घडवायला सांगितले आहे. दोन्ही वाजले तर सगळी मंडळी गोळा होते, एकच वाजला तर फक्त सरदार येतात आणि इशाऱ्याचा कर्णा झाला की पूर्वेकडच्या छावण्या हलतात. चालण्यासाठी वाजवण्याचा याहून नेमका नियम जुन्या करारात दुसरा नाही. स्तोत्र १५० मध्ये कर्णा, डफ, तंतुवाद्ये, झांजा सगळे चालते. उलट आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देवाला याच गाण्यांचा गोंगाट नकोसा झालेला दिसतो, कारण गाणारे न्यायाने वागत नाहीत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या ख्रिस्ती लेखकाने मार्चच्या मुळावरच बोट ठेवले. निरनिराळी राष्ट्रे युद्धासाठी कर्णे, बासऱ्या, झांजा वापरतात, ख्रिस्ती लोकांचे वाद्य मात्र एकच, शांतीचा शब्द, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टीनची अडचण वेगळी होती. शब्दांपेक्षा सुरानेच आपण जास्त हेलावतो याची त्याला टोचणी लागली, पण गाणे बंद करावे असेही त्याला वाटेना.

पुढे प्रत्येक पंथाने आपापली रेघ ओढली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा बहुतांशी वाद्यांविना गाते. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात १५६२ साली पूर्ण झालेला स्तोत्रसंग्रह मंडळीने उपासनेत एका सुरात, वाद्यांशिवाय गायचा होता. कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या आदेशाने पियानो, ढोल, झांजा यांना देवळात मनाई केली आणि बँडला तर सक्त मनाई. मात्र त्याच आदेशात देवळाबाहेरच्या मिरवणुकीत बँड ठेवायला बिशपांना परवानगी देता येईल, फक्त ऐहिक चाली वाजवू नयेत, अशी सवलत आहे. योग्य-अयोग्य ठरवताना वाद्याइतकेच ते कुठे वाजते हेही पाहिले गेले. गोव्यातल्या फेस्तात, म्हणजे चर्चच्या सणात, पहाटे गावातून फिरणारी आल्व्होरादा ही वाद्यफेरी आणि नंतर मिरवणुकीपुढे चालणारा बँड हे याच सवलतीत बसतात.

मुक्तिफौजेकडे बँड आला तो ठरवून नव्हे. विल्यम आणि कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनमध्ये सुरू केलेल्या मिशनला १८७८ मध्ये मुक्तिफौज हे नाव मिळाले. त्याच वर्षी सॉल्सबरी गावात चार्ल्स फ्राय हा गवंडीकामाचा कंत्राटदार आणि त्याचे तीन मुलगे भर रस्त्यावरच्या सभांना आपली पितळी वाद्ये घेऊन आले. हुल्लडबाज गर्दीला वक्त्यांपासून दूर ठेवावे हाही हेतू होता. लक्षात असे आले की भाषणाला न थांबणारी माणसे वाद्यांना थांबतात. १८७९ मध्ये डरहॅममधल्या कॉन्सेट या कामगार वस्तीत स्थानिक शाखेचा पहिला बँड उभा राहिला. १८८३ मध्ये रिचर्ड स्लेटर यांच्याकडे संगीताचे संपादन आले आणि बँडसाठी छापील रचना नियमित निघू लागल्या. लंडनचा मध्यवर्ती स्टाफ बँड १८९१ चा. पुढच्या पिढीतल्या ब्रॅमवेल कोल्स यांना तर मुक्तिफौजेचा ‘मार्चचा राजा’ म्हणत.

दारूच्या गुत्त्यांची चाल देवाच्या गाण्याला लावावी का, हा प्रश्न बूथ यांनी फार ताणला नाही. १८८२ मध्ये वूस्टर येथे ‘शॅम्पेन चार्ली’ या करमणुकीच्या गाण्याच्या चालीवर भक्तिगीत ऐकून ते खूश झाले, असे मुक्तिफौजेत सांगतात. सगळ्या चांगल्या चाली सैतानाकडे का राहाव्यात, हे वाक्य त्यांच्या नावावर खपते, पण ते त्यांच्याआधीच्या धर्मोपदेशकांच्या नावावरही सापडते.

विरोध मात्र संगीताच्या दर्जावरून नव्हता, रस्त्यावरच्या हक्कावरून होता. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘स्केलेटन आर्मी’ नावाची टोळकी या मिरवणुकांवर तुटून पडत. वेस्टन-सुपर-मेअरच्या प्रकरणात १८८२ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला की इतर लोक दंगा करतील एवढ्यावरून शांत मिरवणूक बेकायदा ठरत नाही. बीटी विरुद्ध गिलबँक्स हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकावा लागतो. ईस्टबोर्न शहराने १८८५ च्या कायद्यात रविवारी वाजतगाजत मिरवणूक काढायलाच बंदी घातली होती. दंगे, अटका झाल्यावर १८९२ मध्ये ते कलम रद्द झाले.

मार्चची बांधणी साधी असते. चार ते आठ मापांची (एक माप म्हणजे दोन पावलांचा तालखंड) सुरुवातीची सुरावट, मग प्रत्येकी सोळा मापांचे दोन भाग, दोन्ही दोनदा. बऱ्याच मार्चमध्ये दुसऱ्या भागाच्या आसपास खालची वाद्ये पुढे येतात. नंतर ट्रायो, म्हणजे उपासनागीत गुंफायचा भाग. ट्रायोत मध्यमाला षड्ज मानून पुढे जातात. पेटीच्या भाषेत, काळी पाचमध्ये सुरू झालेला मार्च काळी दोनमध्ये येतो, आवाज उतरतो आणि तिथे उपासनागीताची चाल लागते. ती एकदा हळू वाजते, दुसऱ्यांदा पूर्ण ताकदीने. मात्रा दोन-चार असोत वा सहा-आठ, एका मापात पावले दोनच आणि डावे पाऊल पहिल्या ठोक्यावर.

ट्रायोत ही चाल का हवी, याचा हिशेब रस्त्यावरच होतो. मिनिटाला ११६ पावले आणि एक पाऊल ७५ सेंटीमीटर धरले तर बँड सेकंदाला साधारण दीड मीटर सरकतो. फुटपाथवर उभ्या माणसाला दोन्ही बाजूंची पन्नास-पन्नास मीटर नीट ऐकू येतात असे मानले, तर त्याच्या वाट्याला सत्तर सेकंद येतात. सोळा मापांचा एक भाग १६-१७ सेकंदांचा, म्हणजे त्याला फार तर चार भाग मिळतात. एवढ्या वेळात त्याला ओळखीचे काही सापडले नाही तर तो फक्त गडबड ऐकतो. ओळखीची चाल कानावर आली की शब्द तो स्वतःच मनात भरतो. शब्दांविना वाजणारा मार्च ख्रिस्ती ठरतो तो असा, ऐकणाऱ्याच्या आठवणीवर. ज्या गावाला ती गीते ठाऊक नाहीत तिथे हाच मार्च पलटणीचा वाटतो. लांब, गुंतागुंतीचे ट्रायो सभागृहात टाळ्या घेतात, पण रस्त्यावर ते वाया जातात.

पूर्ण ब्रास बँडमध्ये तालवाद्ये सोडून २५ वाजवणारे असतात : एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बास. शाखांचे बँड बरेचदा याच्या निम्मेही नसतात आणि कॉर्नेट, हॉर्न, युफोनियम, बास असे आठ-दहा जण मिळाले तरी चार आवाज भरतात. कॉर्नेटची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून त्याचा आवाज ट्रम्पेटपेक्षा मऊ. बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांचे नोटेशन एकाच पद्धतीने लिहितात आणि कळांच्या वाद्यांची बोटेही तीच : दुसरी कळ अर्धा स्वर उतरवते, पहिली एक, तिसरी दीड. त्यामुळे कॉर्नेट शिकलेला खाणकामगार बासवाला आजारी पडला तर आठवडाभरात बास धरू शकतो. हौशी मंडळींचा बँड टिकला त्यात या सोयीचा वाटा मोठा.

चुका कुठे होतात हेही ठरलेले आहे. पहिली आणि तिसरी कळ एकत्र दाबली की स्वर चढा लागतो, तिथे तिसऱ्या कळेची सरकनळी थोडी बाहेर ओढावी लागते. ऊन तापले की सगळा बँड चढतो, पेटी मात्र जवळपास जागेवर राहते. म्हणून उन्हातून आलेल्या बँडला लगेच पेटीबरोबर बसवू नये, मुख्य सरकनळ्या ओढून पुन्हा सूर जुळवावा. पेटीवाल्याने काळी पाच किंवा काळी दोन धरली तर पितळी वाद्यांना सोपे जाते, पांढरी तीन धरली की कॉर्नेटवाल्यापुढे सहा तीव्र स्वर उभे राहतात आणि निम्मे जण चुकतात.

मिरवणुकीत ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत, कारण सरकणाऱ्या नळीला पुढे मोकळी जागा लागते. जुन्या काळचा जी पट्टीचा बास ट्रॉम्बोन तर इतका लांब जाई की नळीला दांडी लावावी लागे, आणि पुढे कोणी असेल तर त्याच्या पाठीची खैर नसे. मोठा ढोल मध्यावर किंवा मागे ठेवतात. पंधरा मीटर लांबीच्या ताफ्यात मागचा ठोका पुढे पोहोचायला सेकंदाचा सुमारे विसावा भाग जातो. रुंद रस्त्यावर हे खपते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की प्रतिध्वनी मिसळतो आणि पुढची रांग मागे पडते. अशा वेळी पुढच्यांनी कान बंद ठेवून आपल्या पावलावर वाजवायचे. उतारावर ठेका पळतो, चढावर श्वास संपतो. उतार येण्याआधी मार्च संपवून फक्त ढोलाच्या ठोक्यावर चालणे हा शहाणपणाचा मार्ग. शेवट करायचा असेल तर ढोलकरी दुहेरी ठोका देतो. खड्ड्यातून जाताना मुखनळी दातांवर आपटते, ओठ सुजतो आणि संध्याकाळच्या सभेत कॉर्नेट गप्प बसतो. कागद वाद्यावरच्या चिमट्यात असतो, तळहाताहून जरा मोठा, म्हणून मार्चचे नोटेशनही बारीक छापतात.

सभेच्या आत मार्चला मर्यादा असते. पवित्रतेच्या सभेत, म्हणजे मुक्तिफौजेच्या उपासनासभेत, संथ चाली आणि चिंतनपर रचना चालतात, मार्च कार्यक्रमाच्या तोंडाला किंवा शेवटी. हे तारतम्य न पाळणारा बँडमास्तर प्रार्थनेनंतरची शांतता पहिल्या ठोक्यात मोडतो.

लष्करी भाषेचा आक्षेप जुनाच आहे. ‘पुढे चला, ख्रिस्ती सैनिकहो’ अशा अर्थाचे प्रसिद्ध इंग्रजी गीत सॅबिन बेअरिंग-गूल्ड यांनी १८६५ मध्ये यॉर्कशरमधल्या मुलांच्या मिरवणुकीसाठी लिहिले आणि आर्थर सलिव्हन यांची आजची चाल १८७१ ची. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या समितीने युद्धभाषेमुळे ते गीतसंग्रहातून वगळायचे ठरवले तेव्हा एवढी ओरड झाली की १९८९ च्या संग्रहात ते राहिले. पोरांना वाटेत कंटाळा येऊ नये म्हणून केलेल्या गाण्यावर रणनीतीचे ओझे टाकणे जरा जास्तच होते, पण क्लेमंटचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

मुंबईत मुक्तिफौज १९ सप्टेंबर १८८२ रोजी उतरली. फ्रेडरिक टकर आणि तीन सोबती, एवढाच ताफा. वाजतगाजत रस्त्याने जाण्यावरून पोलिसांशी खटके उडाले, अटका झाल्या, खटले झाले. टकर यांनी पुढे फकीरसिंग हे नाव आणि भगवी वस्त्रे घेतली. मराठी ख्रिस्ती गाण्याने आपली वाट भजन, अभंग आणि कीर्तनातून काढली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या रचना टाळ-पेटीवर बसतात, त्यांना ब्रास बँड लागत नाही.

मार्चच्या चालीवर मराठी शब्द बसवताना एक तिढा हमखास येतो. बऱ्याच इंग्रजी गीतांची पहिली मात्रा ठोक्याच्या आधी, उचलीवर असते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घाच्या मापाने चालतो. ‘प्रभु’मधला ऱ्हस्व ‘प्र’ लांब स्वरावर आला की तो ताणून ‘प्राभू’ होतो. म्हणून अनुवादक उचलीवर ‘हे’, ‘तो’, ‘या’ असे एखादे फुटकळ अक्षर टाकतात आणि ठोक्यावर ‘येशू’, ‘राजा’, ‘गाऊ’ असा दीर्घ अक्षराने सुरू होणारा शब्द आणतात. बँडबरोबर गाताना मंडळी हे पहिले फुटकळ अक्षर बहुधा गाळते, कारण ढोलाचा ठोका पडल्यावरच तोंड उघडायची सवय असते. बँडमास्तर मग सुरुवातीचे एक पूर्ण माप फक्त ढोलावर देतो आणि त्या मापाच्या शेवटच्या मात्रेवर हात वर करून उचल दाखवतो.