गोळी घेतलात काय?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाळं सांधत बसलेल्या एका खलाशाशी बोलत होतो. वय चाळिशीचं. स्किझोफ्रेनियाचं औषध नियमित चालू आणि समुद्रावर जाणंही. मागच्या मोसमात थोरल्या भावाने हिश्श्याचे पैसे कमी दिले, तेव्हा यांचा आवाज चढला. लगेच वहिनीने विचारलं, "भावोजी, आज गोळी घेतलात काय?" पैशांचा विषय तिथेच संपला. सांगता सांगता त्यांच्या हातातली सुई थांबली. म्हणाले, "गप्प बसलो. वेड्याचा राग कोण मनावर घेतो?"

'वेडा' हा शब्द त्यांनी स्वतःच स्वतःला लावला होता. याला आत्मकलंक म्हणतात. तो येतो कुठून? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक यांनी १९८७ मध्ये त्याचं उत्तर मांडलं. मनोरुग्णांविषयीच्या समजुती माणूस आजारी पडण्याच्या कितीतरी आधी, लहानपणापासून शिकत असतो. निदान झालं की त्याच समजुती त्याच्या अंगावर येतात. आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे, त्यामुळे "ह्याला रत्नागिरीला न्या" ही थट्टा कोकणातल्या पोराटोरांच्याही तोंडी असते. आज ती करणाऱ्या एखाद्या पोरालाच उद्या आजार झाला, तर ती थट्टा त्याच्या मनात आधीच बसलेली असते.

पण कलंक सगळ्यांनाच खाली दाबत नाही. पॅट्रिक कॉरिगन आणि एमी वॉटसन या अमेरिकन संशोधकांनी २००२ मध्ये या कोड्याकडे लक्ष वेधलं. लोक म्हणतात ते खरंच आहे असं ज्याला वाटतं, त्याचा आत्मसन्मान ढासळतो. 'हा अन्याय आहे' असं ज्याला वाटतं आणि आपल्यासारख्या इतरांशी ज्याची नाळ जुळलेली असते, त्याला राग येतो. हा राग त्याला उपचारांत स्वतःचं म्हणणं मांडायला आणि हक्क मागायला बळ देऊ शकतो. काहींना मात्र लोकांच्या बोलण्याचं काहीच वाटत नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं, कारण घरात नेमका हाच राग आपण आजाराच्या खात्यावर टाकतो. आजार उलटतानाही चिडचिड वाढते, हे खरं. अशा वेळी बहुधा झोप उडते, संशय वाढतो, बोलणं विस्कटतं. ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना गाठायलाच हवं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. पण माणूस नीट झोपतोय, कामावर जातोय आणि एकाच ठरावीक गोष्टीवरून चिडलाय, तर ती गोष्ट काय आहे ते आधी ऐकून घ्या. प्रत्येक वेळी गोळीची चौकशी झाली, की तो माणूस रागच गिळायला शिकतो. हळूहळू 'कशाला प्रयत्न करायचा' ही भावना मूळ धरते. मग काम सुटतं, कधी औषधही सुटतं.

निघताना त्यांनी गोळ्यांचा डबा उघडून आतला घडी घातलेला कागद दाखवला. मोसमाचा हिशेब होता, पेन्सिलीने लिहिलेला. मी दोनदा बेरीज केली. आकडे बरोबर होते.