शुगरवाल्याला सगळं माहीत असतं, तरी पथ्य का मोडतं?

रत्नागिरी म्हणा, मालवण म्हणा, शुगर असलेल्या कुणालाही विचारा, भात कमी करायचा, चालायचं, गोळी चुकवायची नाही हे सगळं तोंडपाठ असतं. तरी दुपारी बांगड्याचं तिकलं समोर आलं की भात वाढला जातोच. मग घरचे चिडतात, "इतकं सांगून कळत कसं नाही!" अहो, कळतंय की. कळल्यावर वागणं आपोआप बदलतं हाच मुळात गैरसमज आहे.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की माणूस एखादी गोष्ट करायला घेईल का, आणि अडचण आली तरी टिकेल का, हे बरंचसं "मला हे जमेल" या विश्वासावर ठरतं. आणि हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो बरं का, खवळलेल्या समुद्रात होडी घालणारा माणूस इन्सुलिनची सुई हातात घेतल्यावर थरथरू शकतो. हा विश्वास येतो चार वाटांनी: स्वतः करून जमलं, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहिलं, कुणी धीर दिला, आणि धडधड-थकवा अशा शरीराच्या खुणांचा आपण काय अर्थ लावला. यात पहिली वाट सगळ्यात जोरदार. "पाय कापावा लागेल हां" असं नुसतं घाबरवलं की चौथ्या वाटेने उलट नुकसानच व्हायचं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केट लॉरिग यांनी संधिवातासाठी आणि पुढे इतर जुनाट आजारांसाठी जे वर्ग बांधले ते याच पायावर. ६ आठवडे, आठवड्यातून एकदा दोन-अडीच तास, शिकवणारे बरेचदा स्वतःच पेशंट (ही दुसरी वाट!). दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःचा छोटा प्लॅन करायचा आणि तो जमेल याची खात्री ० ते १० मध्ये सांगायची, ७ च्या खाली आकडा आला तर प्लॅनच लहान करायचा. म्हणजे "जूनमध्ये रोज अर्धा तास चालेन" याला ४ वाटत असतील, कारण बाहेर धो धो पाऊस, तर "आठवड्यातून तीनदा पडवीत दहा मिनिटं फेऱ्या" करून बघा, आकडा वर जातो. ते जमलं की विश्वास वाढतो, त्याने पुढचं जमतं, पण सुरुवातीलाच आपटलात तर हेच चक्र उलटं फिरतं.

आता याला पॉझिटिव्ह थिंकिंग समजू नका, नुसत्या विचारांनी शुगर उतरत नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. आणि "मुळापासून मधुमेह घालवतो" म्हणणारी चूर्णं किंवा भगताचा नारळ यांचा तर इथे संबंधच नाही. गणपतीत मोदकांपुढे प्लॅन कोसळला, तरी या वर्गात कोणी ओरडत नाही, आडवं काय आलं ते विचारतात, बाकीचे आपापले उपाय सुचवतात, आणि त्यातला कुठला घ्यायचा ते ज्याचं त्यानेच ठरवायचं.