सैनिकी परिचर्या सेवा, भारतीय

युद्धात जखमी झालेल्या व आजारी पडलेल्या सैनिकांची शुश्रूषा करणारी भारतातील प्रशिक्षित परिचारिकांची सेवा. शांतताकाळात ती लष्करी रुग्णालयांत काम करते व युद्धकाळात तळरुग्णालये, रुग्णालयीन जहाजे, रुग्णवाहू आगगाड्या आणि आघाडीजवळची क्षेत्रीय रुग्णालये यांत विखुरली जाते.

सेवेच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. ईस्ट इंडिया कंपनीने १६६४ मध्ये मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज येथे सैनिकांसाठी रुग्णालय काढले आणि लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातून तेथे परिचारिका आल्या, असे परिचर्येच्या अनेक पाठ्यपुस्तकांत एका दमात सांगितलेले आढळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे प्रशिक्षणालय सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये निघाले, हे ध्यानात घेता या दोन घटना एका काळाच्या मानता येत नाहीत. रुग्णालय जुने असले, तरी प्रशिक्षित परिचारिकांचा संबंध बराच नंतरचा असावा. दुसरे मत २८ मार्च १८८८ ही तारीख धरते. त्या दिवशी दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या व त्यांची वाटणी रावळपिंडी आणि बंगलोर येथील लष्करी रुग्णालयांत झाली. तिसऱ्या मतानुसार खरा आरंभ १ ऑक्टोबर १९२६ हाच होय, कारण भारतीय परिचारिकांची कायम स्वरूपाची सेवा त्या दिवशी स्थापन झाली. सेवेचा वर्धापनदिनही याच तारखेला पाळतात. १८८८ मधील परिचारिका केवळ ब्रिटिश सैनिकांसाठी आणलेल्या होत्या, हे पाहता संस्थेच्या इतिहासासाठी १८८८ ची आणि आजच्या सेवेसाठी १९२६ ची तारीख स्वीकारणे अधिक सयुक्तिक ठरते. मधल्या काळात १८९३ मध्ये ‘इंडियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस’ हे नाव रूढ झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिला ब्रिटनची राणी अलेक्झांड्रा हिचे नाव मिळाले.

परिचारिकेला आघाडीच्या किती जवळ नेले गेले, यावर तिचा अनुभव मुख्यतः अवलंबून राहिला. जखमी सैनिक प्रथम पलटणीच्या उपचारठाण्यावर, तेथून क्षेत्रीय रुग्णालयात आणि पुढे टप्प्याटप्प्याने तळरुग्णालयात जाई. स्त्रियांना पहिल्या दोन टप्प्यांपासून शक्यतो दूर ठेवण्याकडे सेनाधिकाऱ्यांचा कल होता व तेथील काम पुरुष ऑर्डर्ली आणि डोलीवाले पार पाडीत. १८८८ च्या शरदऋतूतील, वायव्य सरहद्दीवरच्या हजारा भागातल्या ‘ब्लॅक माउंटन’ मोहिमेत मात्र, पहिल्या तुकडीची प्रमुख कॅथरिन ग्रेस लॉख हिच्यासह काही परिचारिका ओघी येथील तंबूंच्या क्षेत्रीय रुग्णालयात राहिल्या. अशा मोहिमांत गोळीपेक्षा विषमज्वराचे रुग्ण अधिक असत. त्यावर नेमके औषध नसल्याने दूध थोडेथोडे पाजणे, ताप चढताच ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि पाठीला व्रण पडू नयेत म्हणून रुग्णाला वेळोवेळी कुशीवर वळवणे, हाच बव्हंशी उपचार होता.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या (आजचा इराक) आघाडीवर या व्यवस्थेची दुर्दशा उघड झाली. टेसिफोनच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १९१५) जखमींना टायग्रिस नदीतून मालवाहू होड्यांवर दाटीवाटीने बसऱ्याकडे धाडण्यात आले. त्यांच्या मलमूत्राने माखलेल्या जखमांचे जे वर्णन मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने चौकशी आयोगापुढे केले, ते १९१७ च्या अहवालात छापले गेले आणि ब्रिटनमध्ये खळबळ माजली. पुढे बसरा व अमारा येथील रुग्णालयांत परिचारिकांची संख्या वाढवण्यात आली. तेथे उन्हाळ्यात सावलीतील तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या आसपास जाई. उष्माघाताच्या रुग्णांना ओल्या चादरीत गुंडाळून, बर्फ लावून पंख्याखाली ठेवावे लागे आणि शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकाही त्याच तडाख्यात सापडत. परतणाऱ्या जखमींसाठी मुंबई हे मुख्य बंदर होते. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत त्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरात होती.

भारतीय सैनिकांच्या शुश्रूषेला गोऱ्या परिचारिका नेमाव्यात की नाही, हा प्रश्न वैद्यकीय नसून वंशविषयक होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा शिपाई खुदादाद खान याच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेचे छायाचित्र १९१५ मध्ये एका ब्रिटिश दैनिकात झळकले, तेव्हा अशा परिचारिका भारतीयांच्या रुग्णालयांतून काढून घेण्याचे हुकूम सुटले. १९१८ मध्ये भारतीय सैनिकांसाठी लष्करी ठाण्यांवरील रुग्णालये (स्टेशन हॉस्पिटल) मंजूर झाली. तेथे प्रशिक्षित परिचारिका हव्या होत्या, आणि १९२६ च्या स्थापनेमागे ही गरज होती.

दुसऱ्या महायुद्धात सेवेचा विस्तार सर्वांत मोठा झाला. सिंगापूर पडण्याच्या आदल्या दिवशी, १४ फेब्रुवारी १९४२ रोजी, ‘कुआला’ हे जहाज जपानी विमानांनी पोम्पोंग बेटाजवळ बुडवले. त्यावरील अनेक परिचारिका मृत्युमुखी पडल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी सैनिक मागे न्यावे लागत, असे ब्रिटिश सेनापती स्लिम यांनी नोंदवले आहे. बांबू व गवताने शाकारलेल्या ‘बाशां’मध्ये तेथील वॉर्ड भरत. संध्याकाळ होताच परिचारिका डासांसाठी लांब बाह्या व पायघोळ विजारी चढवीत. हिवतापावरील मेपाक्रिनच्या गोळ्यांनी त्यांची कातडी पिवळसर होई. सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या ‘स्क्रब टायफस’ या तापावर १९४८ पूर्वी खात्रीचे औषध नव्हते. सुमारे पंधरवडा टिकणाऱ्या तापात भ्रमिष्ट रुग्णाला चमच्याचमच्याने पाणी पाजणारी परिचारिका नसल्यास तो दगावण्याचा धोका फार वाढे. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावर दर तीन तासांनी सुई टोचावी लागे, म्हणजे रात्रपाळीत सुया उकळण्याचे काम संपतच नसे.

१९४३ च्या सैनिकी परिचर्या सेवा अध्यादेशाने परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. स्वातंत्र्योत्तर युद्धांतही ही सेवा कार्यरत होती.  २७ ऑगस्ट १९७६ रोजी जी. ए. राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सेनादलांत हा हुद्दा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय व मुंबईचे ‘अश्विनी’ नौदल रुग्णालय येथे परिचर्येचे शिक्षण दिले जाते. १९४३ च्या अध्यादेशात नेमणुकीसाठी केवळ स्त्रियाच पात्र ठरवल्या असून या तरतुदीस अलीकडे न्यायालयांत आव्हान देण्यात आले आहे.