संगणक व नेटवर्कच्या केबली आणि कनेक्टर : खान्देशातील वापर

केबल म्हणजे वीज, विद्युतसंकेत किंवा प्रकाश एका उपकरणातून दुसऱ्यापर्यंत नेणारी वेष्टणातली तार, आणि कनेक्टर म्हणजे त्या तारेच्या टोकाची पिन किंवा ती जिथे बसते ती खाच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ‘नेट बंद शे’ अशी हाक आली की आधी राउटर बंद-चालू होतो, मग नेटवाल्याला फोन जातो. तारेकडे लक्ष जाते ते सगळ्यात शेवटी. खरे तर ऊन, काळी माती, कापसाचा तंतू आणि पावसाळ्यातली वीज या चौघांशी झुंजते ती तारच. त्यामुळे इथे केबल निवडताना खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यापेक्षा आत धातू कोणता आणि वर वेष्टण कसले, हे पाहणे जास्त मोलाचे ठरते.

टेबलावरच्या तारांचे थोडक्यात सांगता येते. संगणकाचे चित्र पडद्यावर नेणाऱ्या तारांपैकी १९८७ साली आलेली व्हीजीए निळ्या टोकाची, १५ पिनांची आणि दोन स्क्रूंनी आवळायची. जुन्या प्रोजेक्टरमुळे शाळांत ती अजून दिसते. चित्राच्याच नव्या तारांत एचडीएमआयला १९ पिना, डिस्प्लेपोर्टला २०. यूएसबी १९९६ पासून आहे. तिच्या टाइप-सी टोकात २४ संपर्क असून ते दोन्ही बाजूंनी बसते. पण टोक टाइप-सी आहे म्हणून तार वेगवान असतेच असे नाही: मोबाइलसोबत येणाऱ्या कित्येक केबली सेकंदाला ४८० मेगाबिटच्या जुन्याच वेगाने फाइली नेतात. प्रिंटरच्या यूएसबी तारेची मर्यादा ५ मीटर आहे, तिला जोडावर जोड देत शेजारच्या खोलीत नेऊ नये. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) कचेरीत यूएसबीच्या खाचेत तंतू दाबून बसतो आणि पिन अर्धीच शिरते. अशा वेळी जोर न लावता मऊ ब्रशने खाच साफ करावी.

नेटवर्कची खरी कामकरी तार म्हणजे लॅन केबल, राउटर, संगणक आणि कॅमेरे एकमेकांना जोडणारी. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटची, म्हणजे तारेने संगणक जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली गेली, तेव्हा जाड कोअॅक्सियल (टीव्हीच्या केबलसारखी, मधे एक तार आणि भोवती जाळी असलेली) तार वापरत. पुढे बारीक कोअॅक्स आणि पिळून अडकवायचा बीएनसी कनेक्टर आला. सीसीटीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांना तो आजही असतो. १९९० च्या मानकाने पीळ दिलेल्या जोड्यांची तार रूढ केली. तिच्यात आठ तारांच्या चार जोड्या असतात. पीळ दिल्यामुळे बाहेरचा विद्युत खडखडाट दोन्ही तारांवर सारखाच उमटतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. तारेची प्रत ‘कॅट’ (कॅटेगरी) या आकड्याने सांगतात: कॅट ५ई सेकंदाला १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत मिळतात, कॅट ६ए वर पूर्ण १००.

टोकाला आरजे-४५ हा लॅन केबलचा आठ पिनांचा कनेक्टर बसवण्याला इथले कारागीर ‘पिन मारणे’ म्हणतात. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी येते, आणि नवशिका नेमका इथेच चुकतो. सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी लावल्या आणि दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवला, तर टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण संकेत एकाच पिळाच्या जोडीतून जात नाही आणि वेग कोसळतो. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये आणि बाहेरचे वेष्टण कनेक्टरच्या आत दाबले जाईल असे पाहावे. ते बाहेर राहिले, तर सगळा ओढा त्या आठ बारीक तारांवर येतो.

बाजारात स्वस्त मिळणारे बंडल पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचे असते. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरे दिसते, आणि बंडल उचलताच हलके लागते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त असतो आणि वाकवता-वाकवता ते तुटते. त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल, तर ती तापतेही. अशी तार केबलच्या मानकात बसत नाही.

त्यात इथला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालची तार त्याहून तापते. २० अंशांच्या वर ४० पर्यंत दर अंशाला संकेताची गळती सुमारे ०.४ टक्के वाढते, त्यापुढे ०.६ टक्के. म्हणजे एकूण शंभरांपैकी भिंतीतल्या पक्क्या तारेची जी ९० मीटरची मर्यादा, ती ६० अंशांवर जेमतेम ७५ मीटर उरते. एका केळी खरेदी केंद्रात मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. काट्याजवळचा संगणक सकाळी नीट चालायचा, बाराच्या सुमारास तुटायचा आणि ऊन उतरले की आपोआप जोडला जायचा. दोन वेळा राउटर बदलून झाला होता. तार पत्र्याला टेकवून नेलेली, नव्वदीच्या घरातली आणि ॲल्युमिनियमची निघाली. शुद्ध तांब्याची तार सावलीच्या भिंतीने नेल्यावर तक्रार थांबली.

उघड्यावर राखाडी पीव्हीसी वेष्टण उन्हाने तडकते. तिथे काळ्या पॉलिथिलीनचीच केबल हवी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेली तार ताणते. म्हणून तार पाइपातून आणि थोडी सैल सोडून न्यावी. शेतकरी ठिबकची जुनी नळी वापरतात. युक्ती उत्तम आहे, फक्त नळी साधी हवी. ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी) असलेल्या नळीच्या छिद्रांतून पाणी आत शिरते आणि तिथेच साचून राहते.

अंतर १०० मीटरच्या पुढे गेले की फायबर, म्हणजे प्रकाश नेणारी काचेची तार. लांब पल्ल्याच्या प्रकारात तिचा काचेचा गाभा केवळ ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आवरणासह १२५. काचेतून दूरवर संदेश नेता येईल असे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले, त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. रुळांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे जाळे आहे. ग्रामपंचायतींपर्यंतची फायबर केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेतून येते. घरात येणाऱ्या तारेचे हिरवे टोक आठ अंशांत तिरपे घासलेले असते, निळे सरळ. हिरवे निळ्यात बसते, पण प्रकाश नीट उतरत नाही. टोकाला बोट लावू नये, आणि चालू फायबरच्या तोंडात डोळा घालून पाहू नये: तिच्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी इजा करू शकतो. काच वीज वाहून नेत नाही. म्हणून मळ्यातल्या विहिरीवरचा कॅमेरा घराशी जोडायचा असेल तर धातूची तार नसलेली फायबर घ्यावी. जवळपास वीज पडली तरी त्या वाटेने ती घरातल्या राउटरपर्यंत पोहोचत नाही.