तंत्रस्नेही शिक्षक

तंत्रस्नेही शिक्षक : संगणक, प्रक्षेपक, स्मार्टफोन, संवादी फलक इत्यादी साधने वर्गात निःसंकोचपणे आणि पाठ्यघटकाच्या गरजेनुसार वापरणारा शिक्षक. शिक्षकांत ही सहजता यावी म्हणून होणाऱ्या प्रशिक्षणासही व्यवहारात हीच संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना अनुलक्षून आहे.

ही संज्ञा महाराष्ट्रात साधारणपणे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाच्या (शासन निर्णय, २२ जून २०१५) काळात रूढ झालेली दिसते. ती ‘टेक्नोसॅव्ही’चा पर्याय म्हणून वापरली जाते, तथापि ‘सॅव्ही’मध्ये जाणकारी अभिप्रेत आहे, स्नेह नव्हे. त्यामुळे ‘पर्यावरणस्नेही’ या आधीच्या शब्दाच्या धर्तीवर ती घडली असावी, हे अधिक संभवनीय वाटते. मात्र तेथे ‘स्नेही’चा अर्थ ‘अपाय न करणारा’ असा आहे, तर येथे ‘जवळीक असलेला’ असा. शिवाय ‘तंत्र’ म्हणजे येथे तंत्रज्ञान. शिक्षणशास्त्रातील ‘अध्यापनतंत्र’ या जुन्या संज्ञेत तो शब्द पद्धती या अर्थाने येतो आणि या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. ‘तंत्रकुशल’ हा काटेकोर पर्याय रूढ झाला नाही, हे एका परीने योग्यच म्हणावे लागेल. कारण शिक्षकाची अडचण पुष्कळदा कौशल्याच्या अभावापेक्षा मुलांसमोर यंत्र अडल्यास फजिती होईल या धास्तीची असते.

भारतात शालेय संगणकशिक्षणाचा ‘क्लास’ हा प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुरू झाला, पण तो निवडक माध्यमिक शाळांपुरता होता. २००१ पासूनच्या ‘एमएस-सीआयटी’ या संगणकसाक्षरतेच्या अभ्यासक्रमाने प्राथमिक शिक्षकाच्या हाती प्रथमच मोठ्या प्रमाणावर माऊस आला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही अर्हता बंधनकारक झाली व तिचा संबंध वेतनवाढीशी जोडला गेला. अभ्यासक्रमाचा भर मात्र कार्यालयीन संगणकवापरावर होता. अपूर्णांक शिकवताना संगणक कोठे उपयोगी पडतो, हा त्याचा विषय नव्हता. अशाच उणिवेचे सैद्धांतिक विवेचन मिश्रा व कोहलर या अमेरिकेतील शिक्षणसंशोधकांनी २००६ मध्ये केले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ शुलमन यांनी १९८६ मध्ये आशयज्ञान व अध्यापनज्ञान यांच्या संयोगाची कल्पना मांडली होती. तीत मिश्रा व कोहलर यांनी तंत्रज्ञानाची जोड दिली. पुढे भारतात ‘दीक्षा’ (२०१७) हे डिजिटल अध्ययनसाहित्याचे व्यासपीठ, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि ‘निष्ठा’ (२०१९, २०२० पासून ऑनलाइनही) हे शिक्षकांचे राष्ट्रीय प्रशिक्षण आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे.

कोल्हापुरात या विषयाची चर्चा छत्रपती शाहू महाराजांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापासून (१९१७) आणि शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटी येथे उभारलेल्या मौनी विद्यापीठापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. शिक्षणविषयक आस्थेची परंपरा त्यातून दिसते; थेट कार्यकारणसंबंध जोडणे मात्र धाडसाचे ठरेल. जिल्ह्यात १२ तालुके असून प्रशिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून तालुक्याच्या गट साधन केंद्रांमार्फत केंद्रशाळांपर्यंत (आसपासच्या शाळांच्या समूहातील मुख्य शाळांपर्यंत) जाते. प्रत्येक पायरीवर सुलभक (प्रशिक्षण देणारा) बदलतो आणि आशय विरळ होतो. त्या मानाने केंद्रशाळेच्या समूहातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतील गुरुजींनी किंवा बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर करून दाखवलेला पाठ अधिक टिकतो, कारण दुसऱ्या दिवशी अडल्यास त्यांनाच फोन करता येतो. शिरोळ, हातकणंगले या सपाट तालुक्यांत आणि गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या अतिपावसाच्या डोंगरी भागांत परिस्थिती सारखी नाही. डोंगरी भागातील द्विशिक्षकी शाळेत वीज व रेंज यांचा भरवसा नसल्याने ध्वनिचित्रफिती आधीच उतरवून ठेवणे, हेच पहिले उपयुक्त कौशल्य ठरते.

लोकवर्गणीतून मिळालेला दूरचित्रवाणी संच बहुधा एका उत्साही शिक्षकाच्या नावाने ओळखला जातो; त्याची बदली झाली की संच कपाटात जातो. ‘सरल’ व ‘यू-डायस’ या शाळा व विद्यार्थी यांच्या माहितीच्या शासकीय ऑनलाइन प्रणालींत माहिती भरण्याचे काम वर्गातील साधनवापरात मोडत नाही, तरी शाळेतील तंत्रस्नेही शिक्षकाचा बराच वेळ त्यातच खर्ची पडतो.