रिलीज रिपोर्ट टूलचं वर्णन छाटण्याआधी एवढं वाचा

आमचं रिलीज रिपोर्ट टूल दोन व्हर्जनमध्ये काय बदललं ते सांगतं. ते तुमच्या रेपोला (कोड ठेवायच्या जागेला) जोडून होतं, एजंट (तुमच्या वतीने टूल चालवणारं एआय) ते वापरायला लागतो, आठ-पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस फोन येतो, "अहो, तुमचा रिपोर्ट चुकतोय." आम्ही लॉग मागवतो. टूल बहुतेक वेळा धडधाकट असतं. तुमच्याकडच्या कुणीतरी त्याचं वर्णन छाटलेलं असतं.

वर्णन म्हणजे टूलच्या नावाखालचा तो अकरा ओळींचा मजकूर. डेव्हलपर तो बघतो, 'एवढं पाल्हाळ कशाला' म्हणतो आणि एक ओळ ठेवतो: 'दोन व्हर्जनमधले बदल देतो.' तुमच्या टीमला ती पुरते, कारण बाकीचं त्यांना तोंडपाठ आहे. एजंट मात्र रोज नव्याने नोकरीला लागतो. आमची टूल्स मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर चालतात (एआयला टूल्स जोडायची ठरलेली पद्धत; अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली). त्यात एजंटसमोर मुख्यतः तीन गोष्टी येतात: टूलचं नाव, वर्णन, आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याचा आराखडा. तुमच्या विकीवरचं सुंदर पान कुणी त्याच्यापुढे ठेवलं नाही, तर त्याच्या लेखी ते नाहीच.

दादरला इंडिकेटरवर नुसतं 'विरार' लिहिलं आणि स्लो की फास्ट, १२ डबे की १५, कुठे थांबणार नाही, हे काढून टाकलं, तर रोजचा माणूस निभावून नेईल. गावाहून आलेला पाहुणा कुठे उतरेल, सांगता येत नाही.

एका ग्राहकाकडे असंच झालं. 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन रकान्यांत कोणत्या व्हर्जनपासून कोणत्या व्हर्जनपर्यंतचे बदल हवेत ते भरायचं असतं. 'पर्यंत'मध्ये फक्त प्रसिद्ध झालेला टॅग (व्हर्जनवर लावलेली नावाची खूण) द्यावा, ब्रांचचं (चालू कामाच्या शाखेचं) नाव देऊ नये, ही आमची ओळ उडवली होती. एजंटने तिथे 'मेन' (मुख्य ब्रांचचं नाव) भरलं. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, गिटला (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीला) तेही चालतं. रिपोर्टमध्ये मर्ज झालेलं (मुख्य कोडमध्ये मिसळलेलं) पण रिलीज न झालेलं कामही आलं आणि तो रिपोर्ट थेट त्यांच्या क्लायंटला गेला. क्लायंट दोन दिवस अ‍ॅपमध्ये एक बटण शोधत होता. आमची दोन माणसं अर्धा दिवस टूल तपासत बसली, आणि टूल ठणठणीत!

तर त्या ओळींतली प्रत्येक ओळ कुठल्या तरी फोननंतर लिहिलेली आहे. 'पासून'मधल्या टॅगमध्ये आधीच असलेले बदल रिपोर्टमध्ये येत नाहीत, 'पर्यंत'मधल्या टॅगचे येतात. हे न लिहिल्यास एजंट एक व्हर्जन मागे जाऊन आधीचेच बदल पुन्हा सांगतो. व्हर्जनची तुलना आकड्यांनी करायची, अक्षरांनी नाही, नाहीतर १.१० पेक्षा १.९ नवं ठरतं. २.०.० चा रिलीज कँडिडेट (रिलीजआधीची चाचणीची आवृत्ती) हा २.०.० च्या आधीचा.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची, जी सगळ्यात आधी कापली जाते. शब्द असे आहेत: 'बदल नसतील तर बदल-संख्या शून्य येईल. टॅग सापडला नाही तर चूक येईल. चूक आल्यास रिपोर्ट अंदाजाने लिहू नये; कोणता टॅग सापडला नाही ते वापरकर्त्याला सांगून थांबावं.' ही ओळ नसली की काही एजंट रिकाम्या हाताने परत येत नाहीत. 'किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा' असं छान गुळगुळीत वाक्य लिहून देतात. वाचणाऱ्याला संशयही येत नाही, कारण माणसंही तेच लिहितात!

टॅग न सापडण्याचं नेहमीचं कारणही सांगून टाकतो. कामं आपोआप चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सची चेकआउट (कोड उतरवून घ्यायची) पायरी मुळात फक्त शेवटचा एक कमिट (नोंदवलेला बदल) आणते. जुना इतिहास आणि टॅग येत नाहीत. 'फेच-डेप्थ' शून्य करा, सगळं येतं. तारखेचं कोडंही वारंवार विचारलं जातं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतं, आपण साडेपाच तास पुढे. रात्री तीनला केलेलं रिलीज तिथे आदल्या दिवशीचं, साडेनऊ वाजताचं दिसतं. रिपोर्टवर भारतीय वेळ हवी असेल तर सेटिंगमध्ये तसं निवडा. टूल बिघडलेलं नाही.

आता टोकनचा (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचा) मुद्दा. लांब वर्णन दर वेळी मॉडेलकडे जातं, त्याचे पैसे पडतात, हे खरं आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. बचत करायचीच असेल तर न वापरलेली टूल्स बंद ठेवा. पाच टूल्स जोडून दोनच वापरणारे ग्राहक आहेत. तिथला खर्च आमच्या अकरा ओळींपेक्षा जास्त असतो.

वर्णनात बदल करूच नका, असं नाही. तुमचे टॅग वेगळ्या पद्धतीचे असतील, एकाच रेपोत चार प्रॉडक्ट असतील, तर बदल करावाच लागतो. फक्त आधी आम्हाला पाठवा. वार्षिक करारातल्या ग्राहकांना याचे वेगळे पैसे नाहीत: नवं वर्णन तुमच्याच जुन्या रिलीजवर चालवून, एजंटने कोणत्या रकान्यात काय भरलं ते कळवतो. करार नसेल तर एका टूलची तपासणी एकदा मोफत करून देतो. पुढचं तुम्ही ठरवा.

तक्रार करताना 'रिपोर्ट चुकीचा' एवढंच लिहू नका. एजंटने 'पासून' आणि 'पर्यंत'मध्ये भरलेलं जसंच्या तसं, आणि तुमच्याकडचं सध्याचं वर्णन, एवढं पाठवलंत तर बहुधा फोन चालू असतानाच उत्तर मिळेल. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून पाठवा. शनिवारी आम्ही दुपारी दोनपर्यंत असतो. गणपतीचे पहिले दोन दिवस ऑफिस बंद.